दोन ऑफिसांचा एकच पत्ता

दिवाळी उरकून कोबीच्या लागणी जोरात सुरू झाल्या होत्या. एका सकाळी आमच्या नारायणगावच्या रोपवाटिकेच्या फाटकात दोन पिकअप एकामागोमाग येऊन थांबल्या. पुढची ओतूरकडची, मागची घोडेगावकडची. दोन्ही शेतकऱ्यांच्या हातात आमचीच पावती होती आणि दोन्ही पावत्यांवर एकच मजकूर: शेड तीन, वाफा सात, कोबी. ओतूरच्या माणसाला पावती मी दिली होती, इथल्या ऑफिसातून. घोडेगावच्या माणसाला माझ्या धाकट्या जावेनं दिली होती, तिथल्या ऑफिसातून. वाफा एक आणि रोपं एकाच गाडीपुरती.

निवाडा मोठ्या दिरांनी केला. त्यांना घरात आणि बाहेर सगळे दादा म्हणतात. त्यांनी ओतूरच्या गाडीत ट्रे चढवायला सांगितले, कारण तो माणूस समोर उभा होता आणि त्याची गाडी पुढं होती. घोडेगावचा शेतकरी आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता. पावतीची घडी खिशात घालत तो एवढंच म्हणाला, "आमी आडबाजूची माणसं. आमचंच ऱ्हाणार." आणि रिकामी गाडी वळवून गेला.

चूक कशी झाली हे मला लगेच कळलं होतं. बुकिंगचा प्रोग्राम नारायणगावच्या कॉम्प्युटरवर होता. कुठल्या शेडमध्ये कुठला वाफा मोकळा आहे ते फक्त तिथं दिसायचं. घोडेगावला जाऊ पावती करायची, तिचा फोटो मला मोबाइलवर पाठवायची आणि मी तो बघून प्रोग्राममध्ये नोंद करायची. मी शेडमध्ये गेले असले, मोबाइल चार्जिंगला लावलेला असला, घोडेगावला रेंज गेली असली, की मधल्या वेळात तोच वाफा मी दुसऱ्याला देऊन टाकत असे. इतके दिवस निभावलं ते गिऱ्हाईक कमी होतं म्हणून. गिऱ्हाईक वाढलं आणि उघडं पडलं.

रविवारी नाश्त्याला सगळे घरी असताना दादांनी विषय काढला. घोडेगावच्या गाळ्याचा करार जानेवारीअखेर संपत होता. तो पुढं करायचा नाही, ऑफिस बंद करायचं, सगळं बुकिंग नारायणगावातूनच घ्यायचं. ते रागावून बोलत नव्हते. त्यांनी हिशेब मांडावा तसं मांडलं. एका धंद्याला दोन तोंडं असली की असंच होणार, म्हणाले.

जाऊ वाटाणे सोलत बसली होती. ते ऑफिस तिनं एकटीनं उभं केलं होतं. सुरुवातीला एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाहेर लोकांना दिसावेत म्हणून ठेवलेले चार ट्रे. डिंभे धरणाच्या वरची, पार आहुप्याकडची माणसं एसटीनं घोडेगावला उतरतात. तिथं तहसील, तिथं बाजार. भाताच्या पलीकडं थोडी मिरची, थोडा झेंडू लावून बघू म्हणणारी ती माणसं. काहींनी तिच्याकडूनच पहिल्यांदा तयार रोपं घेतली होती. ऑफिस बंद झालं असतं तर जाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली असती, माझ्या हाताखाली. हे कोणी बोललं नाही, पण तिला कळत होतं आणि मलाही.

वाटाण्याची परात बाजूला सारून ती मला म्हणाली, दादांना नाही, "ताई, त्यांच्यातलं कोण येणारे नुसत्या पावतीसाठी हितं नारायणगावला? दोन गाड्या बदलून?"

मी दादांकडं संक्रांतीपर्यंतची मुदत मागितली. संक्रांतीनंतर उन्हाळी टोमॅटोचं बुकिंग सुरू होतं आणि तेव्हा खरी गर्दी. तोवर दोन्ही ऑफिसांना एकच प्रोग्राम एकाच वेळी दिसेल असं करून दाखवते, म्हटलं. दादांनी चहा संपवला आणि म्हणाले, "दाखव. नाय जमलं तर मग पुन्हा नाव काढायचं न्हाई."

मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. जुन्या कॅलेंडरची पानं मी फाडून ठेवते आणि त्यांच्या पाठीवर लिहिते. त्या दुपारी पान घेतलं आणि वर लिहिलं, "घोडेगाव जोडणे." खाली पहिलं काम: माणूस शोधणे. दुसरं: कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, काय काय आहे ते मोजणे. तिसरं: वीज गेल्यावर काय. नवा मोबाइलवरचा प्रोग्राम घ्या असा सल्ला देणारे भेटले, पण तो मी यादीत घेतलाच नाही. जुन्या प्रोग्राममध्ये आमची सगळी गिऱ्हाइकं होती, वाण होते, आणि आम्हा दोघींचे हात त्यावर बसलेले होते. हंगामाच्या तोंडावर बैल बदलून औत धरायची मला इच्छा नव्हती.

माणूस आळेफाट्याला मिळाला. ट्रकच्या गॅरेजांच्या ओळीत त्याचं कॅमेरे आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आमच्या शेडचे कॅमेरे त्यानंच बसवले होते. वयानं माझ्याएवढा, बोलायला मोकळा, आणि दर कामाआधी चहा पिणारा. मी माझी अडचण सांगितली तेव्हा त्यानं टेबलावरचे दोन रिकामे कप समोरासमोर ठेवले.

त्याचं म्हणणं असं, की हे तुमचं नारायणगाव आणि हे घोडेगाव. दोन्हीकडं इंटरनेट आहे, पण इंटरनेट म्हणजे रस्ता, त्यावरून सगळं जग जातं. आपण दोन्हीकडं एकेक व्हीपीएन राउटर बसवायचा. ते दोघं त्याच रस्त्यावरून एकमेकांशी बोलतात, पण बंद नळीतून. बाहेरच्याला आतलं दिसत नाही. आणि घोडेगावच्या कॉम्प्युटरला वाटतं, आपण नारायणगावच्याच खोलीत बसलोय.

"जमंल ना?" मी विचारलं.

"वहिनी, चाकणला एका कंपनीत दुसऱ्याच्या हाताखाली केलंय. स्वतः पहिल्यांदाच करणार. पण जमंल." तो खरं बोलला म्हणून मी काम त्यालाच दिलं.

मग त्यानं विचारलं की दोन्हीकडची मांडणी कशी आहे. यात मला अभिमान होता. मी म्हटलं, एकासारखी एक. तो खूश झाला, म्हणाला मग निम्मं काम झालेलंच आहे.

हे एकासारखं एक प्रकरण समजावून सांगायला हवं. तो आमच्या घरचा नियम आहे आणि मूळ दादांचा. आमच्या सगळ्या शेड एकाच मापाच्या. दारातून आत गेलं की डाव्या हाताला पहिला वाफा, तिथून आकडे सुरू. पाण्याचा व्हॉल्व्ह उजव्या खांबाला, फवाऱ्याचा पंप त्याच्या खाली. कुठल्याही शेडमधली बाई कुठल्याही शेडमध्ये उभी केली तरी तिचा हात आपोआप योग्य जागी गेला पाहिजे, असं दादा म्हणतात आणि ते बरोबर आहे. घोडेगावचं ऑफिस मांडताना मी हाच नियम लावला. टेबल तसंच, प्रिंटर त्याच कंपनीचा, फायली त्याच रंगाच्या. कॉम्प्युटरची जोडणी करायला आलेल्या तिथल्याच एका माणसाला मी बजावलं होतं, नारायणगावात जसं आहे तसंच इथं कर, एकही आकडा वेगळा नको. त्यानं तंतोतंत केलं. प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता मी चिकटपट्टीवर लिहून यंत्रावर लावला. दोन्ही ऑफिसांतल्या चिकटपट्ट्या हुबेहूब होत्या.

काम पहिल्यांदा अडलं ते इंटरनेट कंपनीपाशी. घोडेगावच्या राउटरनं नारायणगावच्या राउटरला शोधायचं तर नारायणगावच्या लाइनला कायमचा, न बदलणारा पत्ता हवा होता. साध्या लाइनला तो नसतो. अर्ज दिला. फोनवर मला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टोलवलं गेलं. मी रोज सकाळी पूजा झाली की त्यांना फोन करायचा हे कामाच्या यादीत कायमचं घातलं. शेवटी तिकडची मुलगी माझा आवाज ओळखून "काकू, आज होतंय बघा" म्हणायला लागली, आणि खरोखरच एक दिवस झालं.

राउटर बसवले. आधी नारायणगावला, दुसऱ्या दिवशी मंचरमार्गे घोडेगावला जाऊन तिथं. काळ्या डबीवर हिरवा दिवा लागला. आळेफाट्याच्या माणसानं त्याच्या लॅपटॉपवर मला दाखवलं, दोन्ही बाजू जोडल्या गेल्याचं लिहून येत होतं. जावेनं पेढे आणून ठेवले होते. मी म्हटलं, आधी प्रोग्राम उघड.

प्रोग्राम उघडला नाही. चक्र फिरत राहिलं आणि मग सर्व्हर सापडत नाही असं आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माणसानं वायर बदलली, राउटर बंद करून चालू केला, नारायणगावचा कॉम्प्युटर चालू आहे का हे फोनवरून विचारून घेतलं. तो चालू होता. दिवा हिरवा होता. नळी जोडलेली होती आणि पाणी येत नव्हतं. पेढ्यांचा डबा तसाच कपाटात गेला.

पुढच्या काही फेऱ्यांत आम्ही लाइनवर संशय घेतला, मग राउटरवर, मग प्रोग्रामवर. इंटरनेट कंपनी म्हणे लाइन ठीक आहे, राउटर बघा. राउटर विकणारा म्हणे राउटर ठीक आहे, लाइन बघा. प्रत्येक संशय मी यादीत लिहिला आणि तपासून झाल्यावर खोडला. एक दिवस दादा घोडेगावला सहज डोकावले, डबीकडं बघितलं आणि जावेला म्हणाले, "दिवा लई छान हाय. दिवाळीला आकाशकंदिलात लाव."

ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही, कारण त्याच आठवड्यात गाळ्याच्या मालकाचा निरोप आला होता. करार पुढं करणार की नाही ते संक्रांतीला सांगा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

त्या रात्री जेवताना नवऱ्यानं मला समजावलं, की तू प्रयत्न केलास, आता पुरे. तो शेडचं बघतो, ऑफिसच्या भानगडीत पडत नाही. मी भाकरी मोडत ऐकून घेतलं. मला एवढंच दिसत होतं की यादी अजून संपलेली नाही. कॉम्प्युटर तपासून झाला होता. प्रिंटर राहिला होता. घोडेगावातून नारायणगावच्या प्रिंटरवर कागद निघतो का, हे आम्ही एकदाही करून बघितलं नव्हतं. प्रिंटरचं आपलं काही काम नाही म्हणून सोडून दिलं होतं. पण यादीत होतं म्हणून करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याचा माणूस आणि जाऊ घोडेगावला बसले, मी नारायणगावच्या प्रिंटरसमोर. त्या प्रिंटरचा पत्ता चिकटपट्टीवर होता, शेवटचा आकडा पन्नास. मी फोनवर तो वाचून दाखवला, त्यानं तिकडं तोच घातला आणि कागद सोडला. माझ्यासमोरचा प्रिंटर ढिम्म.

मी म्हटलं, "न्हाई आला."

 मग मागून जावेचा आवाज आला, ती त्याला काहीतरी दाखवत होती. मग तो म्हणाला, "वहिनी, आलाय. पण हितंच आलाय. माझ्या मागच्या प्रिंटरमदून."

मी त्याला त्याच्या मागच्या प्रिंटरवरची चिकटपट्टी वाचायला सांगितली. त्यानं वाचली. एकेक आकडा माझ्यासमोरच्या चिकटपट्टीशी जुळत गेला.

मला त्या क्षणी आमचं फाटक आठवलं. गाडी भरताना मुकादम फाटकातून ओरडतो, "तीनमधलं सात!" शेडच्या आत उभं राहून नुसतं "सात" म्हटलं तरी चालतं, प्रत्येक शेडमध्ये सात नंबरचा वाफा एकच असतो. पण फाटकातून नुसतं "सात" ओरडला, तर ज्याच्या कानावर पडेल तो आपल्याच शेडमधला सात उचलून आणणार. आम्ही दोन्ही ऑफिसांना एकच शेड नंबर देऊन ठेवला होता. घोडेगावचा कॉम्प्युटर नारायणगावच्या कॉम्प्युटरला हाक मारत होता आणि ती हाक घोडेगावच्या खोलीतच फिरत होती. नळीच्या तोंडापर्यंत ती जातच नव्हती. बाहेर जायचं कारणच तिला दिसत नव्हतं.

मी हे त्याला सांगितलं. तो जोरात हसला आणि मग स्वतःवरच चिडला, की पहिल्या दिवशी तुम्ही एकासारखी एक म्हणालात तिथंच मी थांबायला पाहिजे होतं राव. त्या पत्त्याचे चार भाग असतात. आमच्या जोडणीत तिसरा भाग म्हणजे कुठलं ऑफिस, चौथा म्हणजे त्यातलं कुठलं यंत्र. दोघांपैकी एका ऑफिसचा तिसरा आकडा बदलायचा, की झालं.

कुठल्या ऑफिसचा बदलायचा हे मी लगेच ठरवलं. नारायणगावला यंत्रं जास्त, शेडचे कॅमेरेही त्याच जोडणीवर. घोडेगावला मोजकी चार. जिथं काम कमी तिथं बदल. मी घोडेगावला पोचले आणि चिकटपट्ट्या उचकटायला लागले, तेव्हा जाऊ कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आमचाच का बदलायचा?"

मी यंत्रांची संख्या सांगितली. ती म्हणाली, "ते कळलं. पण लग्नात नाव माझंच बदललं, आता नंबरबी माझ्याच हापिसाचा." आळेफाट्याच्या माणसानं मान खाली घालून वायर गुंडाळायला घेतली.

मी म्हटलं, "नाव सासरच्यांनी ठेवलं. नंबर तू ठेव."

तिनं त्याला विचारलं, कुठला ठेवता येतो. तो म्हणाला दोनच ठेवू, नारायणगावचा एक आहे, मग दोन. ती म्हणाली दोन सोडून कुठलाही. शेवटी गाळ्याचा नंबर सात होता, तोच ठेवला. मला ते आवडलं, कारण लक्षात ठेवायला सोपं. तिला का आवडलं ते तिनं सांगितलं नाही, पण चारही चिकटपट्ट्या तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिल्या.

यंत्रांना नवे पत्ते घातले, दोन्ही राउटरना नवा आकडा सांगितला. जावेनं प्रोग्राम उघडला. चक्र फिरलं आणि थांबलं, आणि तिच्या समोर शेड एक ते शेवटपर्यंत सगळे वाफे उभे राहिले, मोकळे पांढरे आणि गेलेले पिवळे, जसे मला इतकी वर्षं एकटीला दिसत होते. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि एकेक शेड उघडून बघत बसली. पेढे शिळे झाले होते, तरी खाल्ले.

दादांना मी घरी समजावून सांगितलं, फाटकातून नुसतं "सात" ओरडण्याचं उदाहरण देऊन. त्यांनी नीट ऐकलं. म्हणाले, "मग शेड नगं का सांगायला आधी?" एवढंच. जणू काही चूक कॉम्प्युटरची होती आणि त्यांना ती पहिल्यापासून माहीत होती. करार करू की नको, यावर काही बोलले नाहीत. दिवा लागला म्हणजे गाडी भरली असं नाही, टोमॅटोची गर्दी येऊ दे, मग बघू, असा त्यांचा चेहरा होता. मालकाला मी संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ दिला आणि आणखी थोडे दिवस मागून घेतले.

गर्दी आली. त्या दिवशी मी शेडमध्ये होते म्हणून ऑफिसात दादा स्वतः बसले होते. त्यांना प्रोग्राम बेताचा येतो, एका बोटानं. समोर त्यांचा वारूळवाडीचा जुना स्नेही, दरवर्षी आमच्याकडूनच रोपं नेणारा. त्याला हवा होता तो वाण आम्ही आगाऊ पेरलेला, त्यातला एकच वाफा मोकळा राहिला होता. दोघं आधी चहा प्यायले, लग्नकार्याच्या गप्पा झाल्या, मग दादांनी त्या वाफ्यावर बोट ठेवलं आणि पावती करायला घेतली. मी तेवढ्यात हात धुऊन आत आले आणि त्यांच्या खांद्यावरून बघत उभी राहिले.

त्यांच्या डोळ्यांदेखत तो वाफा पांढऱ्याचा पिवळा झाला. पुढं बारीक अक्षरात घोडेगाव आणि गिऱ्हाइकाचं गाव उमटलं, आहुपे. दादांनी तरी बटण दाबलं. प्रोग्रामनं वाफा शिल्लक नाही असं सांगितलं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

स्नेही म्हणाला, "अरे फोन लाव ना धाकल्या सूनबाईला. तिकडचा पावणा दोन दिवस थांबंल की. आपल्या शेडमदला वाफा हाय, आपण हितं बसलोय."

दादांनी मोबाइल हातात घेतला.  दिवाळीनंतरची रिकामी वळलेली पिकअप मला दिसत होती, आणि मला वाटतं त्यांनाही दिसत असावी, कारण त्यांनी फोन लावला नाही. मोबाइल पालथा टेबलावर ठेवला.

"गेला वाफा," ते स्नेह्याला म्हणाले. "घोडेगावनं आधी घेतला. तुला पेरून देतो, थोडं थांबावं लागंल."

"मी? मी थांबू?"

"चहा पी आणखी."

स्नेही कुरकुरला, पण थांबायला तयार झाला. तो गेल्यावर दादा बराच वेळ पडद्याकडं बघत बसले. घोडेगावचं आणखी एक बुकिंग उमटलं, मग आणखी एक. जाऊ तिकडं भराभर काम करत होती आणि आम्ही दोघं इथं ते बघत होतो, हे तिला माहीत नव्हतं.

जमलं हे त्यांच्याकडून मान्य करून घ्यायला मी घाई केली नाही. कॅलेंडरचं पान काढलं. "घोडेगाव जोडणे" याखाली सगळं खोडून झालं होतं, तिसरं काम तेवढं राहिलं होतं: वीज गेल्यावर काय. घोडेगावला वीज गेली की डबी बंद, नळी बंद, आणि जाऊ पुन्हा फोटोवर. त्यावर मी उपाय लिहून ठेवला होता, शेडमधल्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी तिकडं नेऊन लावायची. ते पान मी त्यांच्यापुढं ठेवलं.

दादांनी चष्मा लावून वाचलं. माझ्या हातातून पेन घेतलं आणि "जुनी" या शब्दावर काट मारली.

"नवी घे," म्हणाले. "आणि मालकाला सांग, कागद करायला मी स्वतः येतोय."

मी पानावर "गाळ्याचा करार" अशी आणखी एक ओळ वाढवली आणि घोडेगावला फोन लावला.